भिंगारदिव्याला मिस्ड कॉल

२२ फेब्रु., रवि.
आज चर्चमध्ये दुसऱ्या गीताच्या मध्येच भिंगारदिव्याने पेटी थांबवली आणि माइकवरून म्हणाला, "साळवे, तुम्ही मनातल्या मनात गा. देवाला ऐकू जातं." सगळे हसले. पाळकसाहेबसुद्धा! बास. ह्या माणसाशी आता एक शब्द बोलणार नाही. येताना नेहमीसारखा त्याच्या स्कूटरवर बसलो नाही. हिंजवडीहून नेऱ्यापर्यंत तंगडतोड, भर उन्हात.

२३ फेब्रु., सोम.
लेंटची, म्हणजे इस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांची, प्रार्थना साखळी आली व्हॉट्सॲपवर. प्रत्येकाने अर्धा तास प्रार्थना करायची, मग पुढच्याला फोन करायचा, 'माझी झाली, आता तुमची.' इस्टरपर्यंत साखळी तुटता कामा नये. माझी वेळ सकाळी सात. माझ्यानंतर कोण? भि.! पाळकसाहेबांचा कावा.

२४ फेब्रु., मंगळ.
तोडगा काढला. साडेसातला भि.ला मिस्ड कॉल दिला. दोन मिनिटांत त्याचा उलटा मिस्ड कॉल. म्हणजे खूण मिळाली. साखळी शाबूत, अबोला शाबूत. एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केली. घंटीवर गाडी चालते, हे मला कोण शिकवणार?

१ मार्च, रवि.
स्कूटर नाही, शेअर रिक्षा भरेना. निम्मा उपदेश गेला. उरला तो असा, वेलाचा फाटा वेलातच राहिला तरच फळ, नाहीतर वाळला. भि.ने पेटीवरून माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. सगळी गीतं तोंड मिटून. त्या दिवशी पट्टी त्यानेच उंच धरली होती, हे कुणी बोलत नाही.

५ मार्च, गुरु.
घरमालकीण पार्वताबाई अंगणात भांडी घासता घासता रोज बघतात. आज विचारलंच. "काका, रोज फोन लावताय अन् कट करताय. कुनाला?" सांगितलं सगळं. लई हसल्या. "आमच्या भावकीत बी बोलत न्हाईत. पन तुमी देवाच्या कामात बी मिसकॉल देताय व्हय?"
चहा गार झाला.

१० मार्च, मंगळ.
उलटा मिस्ड कॉल नाही. पुन्हा दिला. नाही. बी.पी.चा माणूस, एकटा राहतो. मरो. नाही, मरो नको. माझी बायको सुमन गेली तेव्हा महिनाभर भि.च डबा घेऊन यायचा, समोर बसून खायला लावायचा. रडूच आलं. त्याचा अर्धा तासही मीच केला, सगळा त्याच्यासाठी. पुढचा फोनही मीच.
संध्या. पाळकसाहेबांकडून कळलं, भि.चा मोबाइल बादलीत पडला होता, आता चालू आहे. गाढव!

११ मार्च, बुध.
साडेसात. आज कट केला नाही. त्याने उचलला. त्याच्या कुकरची शिट्टी झाली. बोलायचं काय? डोळे मिटून प्रभूची प्रार्थनाच सुरू केली. पार्वताबाईंनी भांडी थांबवली. दुसऱ्याला क्षमा करायच्या ओळीपाशी आलो आणि अडलो. लहानपणापासून पाठ असलेली प्रार्थना, आणि पुढचं येईना!
तिकडून हळूच, "पुढं म्हणा की, साळवे."
मग, "मोठ्याने म्हणा."
अजून म्हटली नाही. फोन चालूच आहे. डाव्या हाताने कानाला धरून हे लिहितोय.