पांढऱ्या टोपीचे आजोबा

रविवार, हर्सूल. दिवेलागणीला.

आत्ताच अजिंठ्याहून घरी आले. जपानी पाहुण्यांची गाईड म्हणून माझी पहिलीच खेप. सगळं झकास झालं, पण त्या पाहुण्यांतले पांढऱ्या टोपीचे आजोबा काही डोक्यातून जाईनात.

परतीच्या बसमध्ये एका जपानी आजीबाईंनी माझ्या हातात माईक दिला. त्यांच्याकडं बसमधल्या गाईडनं गाणं म्हणायचीच रीत आहे म्हणे. मी तर जपानी शिकले तीच तिथली नवी पॉप गाणी ऐकून! लई खुशीत त्यातलंच एक धडाकेबाज गाणं म्हटलं. पण सगळी सत्तरीची मंडळी, कुणाला ते माहीतच नाही. नुसती हसऱ्या तोंडानं बघत बसली. मला घाम फुटला. मग आजीबाईच म्हणाल्या, "तुमच्या घरचं म्हणा."

घरचं म्हणजे काय? तोंडात आला आईचा पाळणा, भीमजयंतीला आमच्या गल्लीतल्या बाया म्हणतात तो. अख्खी बस टाळ्यांचा ठेका धरून डोलायला लागली. फक्त पांढऱ्या टोपीचे आजोबा मान टाकून गाढ झोपलेले! हॉटेल आलं तेव्हा त्यांना हलवून उठवावं लागलं. इतकं रटाळ गायले का मी?

आईला सांगितलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "पाळणाच म्हणला ना तू? मग बाकीच्यांनी नुसत्या टाळ्या वाजवल्या. समजला तो झोपलेल्यालाच."