हात बांधून दिलेली उत्तरं

बाई,

काल मी पुलगावला जाऊन आले. तिथल्या एका सभागृहात पोलीस, नर्सा, शिक्षक असे चाळीसेक जण बसवले होते. स्वमग्न मुलाला कोणी मारलं-छळलं असेल तर त्याच्याशी बोलायचं कसं, हे मला त्यांना सांगायचं होतं. स्वमग्न हा शब्द तुमच्या वेळेस आपल्यापर्यंत पोचलाच नव्हता. आपल्या रजिस्टरात सगळ्यांपुढे एकच शब्द, मतिमंद, तोही तुमच्या ठसठशीत अक्षरात. तर काल मी त्या लोकांना तुमची चूक सांगितली. नाव घेतलं नाही, 'आमच्या मोठ्या बाई' एवढंच म्हणाले. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली, तुम्ही उलटून काय बोलणार? मेलेल्या माणसावर ढकलणं फार सोपं असतं. कालपासून मला अन्न गोड लागत नाही.

वर्ध्यातल्या आपल्या दोन खोल्यांच्या शाळेत मी आले तेव्हा मला काही म्हणता काही येत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात एका रडणाऱ्या पोराला मी मांडीवर घेतलं, तर तुम्ही सगळ्यांसमोर मला झापलं. "माया घरी ठेवून येजो. इथं माया करशीन तं पोरगं जन्मभर दुसऱ्याच्या हातानं जेवीन." मला इतका राग आला होता की दुपारचा डबा उघडला नाही. पण तेच पोरगं वर्षभरात स्वतःच्या हातानं जेवायला लागलं, आणि त्याच्या आईनं तुमचे पाय धरले. मग मीही तुमचीच झाले. हात बांध, माझ्याकडे बघ, मग बोल, ही आपली पहिली शिकवण. पाहुणे आले की मुलं ओळीत हात बांधून बसलेली दाखवायची, आणि पाहुणे खूश होऊन जायचे.

ती मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती. वडिलांचं हार्डवेअरचं दुकान, घरात धाकटा काका, सगळे एकाच चुलीवर. सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात तिच्या आईनं ऑफिसात येऊन दार लोटलं आणि पोरीची बाही वर केली. दंडाच्या आतल्या बाजूला, जिथं सहज कोणाची नजर जात नाही तिथं, तापवलेल्या चिमट्याचे डाग होते. तीन जुने, एक ताजा. "मॅडम, हे तिच्या काकाचं काम आहे. मी नसली का तो तिले शिस्त लावते म्हणे. घरचे म्हणतात गॅसजवळ गेली आन् भाजली. माह्या सांगण्याले कोण मानते? पोरीनं सांगतलं तं मानतीन." पोरगी स्वतःचं वाक्य क्वचितच बोलायची. कधी ऐकलेलं वाक्य, ज्याचं त्याच्याच आवाजात, अचानक म्हणायची. आपण त्याला बडबड म्हणायचो आणि तिच्या ओठांवर बोट ठेवायचो.

पोलीस ठाण्यातला तो दिवस मला आजही जसाच्या तसा दिसतो. इन्स्पेक्टर काही वाईट माणूस नाही, तो पंखा तिच्याकडे वळवतो. आई एका कोपऱ्यात, वडील दाराशी, घड्याळ बघत. वायरलेस खरखरतो आणि पोरीचे हात फडफडायला लागतात. तुम्ही म्हणता, "हात बांध." ती लगेच बांधते. मान वर करून त्याच्या डोळ्यांत बघते, आपण शिकवलं तसंच.

"काकानं मारलं?"

"हो."

माझा जीव भांड्यात पडतो. पण इन्स्पेक्टर तिच्याकडे जरा निरखून बघतो आणि तुमच्याकडे बोट दाखवतो. "या बाईंनी मारलं?"

"हो."

"मी मारलं?"

"हो."

हवालदार तोंडावर हात ठेवून हसतो. इन्स्पेक्टर वही मिटतो. "मॅडम, यात मी काय लिहू, तुम्हीच सांगा." वडिलांनी बाहेर ऑटो थांबवूनच ठेवला होता. ऑटो वळेपर्यंत ती दिसत होती. हात तसेच बांधलेले, कारण सोड म्हणायचं कोणाला सुचलंच नाही. ती त्याच घरी परत जात होती, आणि आपण दोघी नुसत्या उभ्या होतो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही वर्गात हात बांध म्हणाला नाहीत. पुढं कधीच म्हणाला नाहीत. पोरांनी गोंधळ घातला तरी व्हरांड्यात बसून राहायचात. "मीच तिचे हात बांधले गं," असं तेव्हा पहिल्यांदा म्हणालात. मी तुम्हाला चहा आणून दिला. दोन महिने तिला शाळेत पाठवलं नाही. परत आली तेव्हा मानेवर नवीन डाग होता, आणि विचारलं की ती हात बांधायची आणि हो म्हणायची. आपण विचारायचंच बंद केलं.

मग हिवाळ्यात एका दुपारी मी शाळेच्या स्वयंपाकघरात तुरीची डाळ निवडत होते. ती आपणहून येऊन बाजूला बसली आणि डाळीत बोटं फिरवायला लागली. मी बोलले नाही, तिच्याकडे बघितलंही नाही. खूप वेळानं माझ्या शेजारून पुरुषाचा आवाज आला. "दार लाव. हात पुढं कर. आवाज केला तं अजून एक. मायले सांगशीन तं जीभ भाजीन." माझं बोट सवयीनं तिच्या ओठांकडे निघालं होतं, ते मी मागं घेतलं. घोटभर पाणी पिऊन शब्द न् शब्द लिहून काढला. आई न्यायला आली तेव्हा पोरगी तेच पुन्हा म्हणत होती. आई मटकन खाली बसली. "हा त्याचाच आवाज आहे, मॅडम. आन् आम्ही येड्यावानी तिले विचारून राह्यलो. ते तं कवाची सांगून राह्यली." त्या दिवशी ती घरी गेली नाही. पोरीला घेऊन तळेगावच्या एस.टी.त बसली, माहेरी. केस कधी उभी राहिली नाही. काका आजही दुकानात बसतो. पण पोरगी त्या घरात परत गेली नाही. आता ती मामाच्या शेतावर शेंगा फोडते, आणि तिचे हात हवे तसे फडफडतात.

काल हेच सांगितलं. समोर नाही, शेजारी बसा. हात फडफडू द्या, डोळ्यांत बघायला लावू नका. आज काय होणार आणि कधी संपणार ते आधी सांगा. ती बडबडते असं म्हणण्याआधी ती काय बडबडते ते लिहा, कोणाच्या आवाजात तेही. हो-नाहीचे प्रश्न तर नकोच. सगळे मान डोलावत होते. मागच्या रांगेतली एक लेडी कॉन्स्टेबल उठली. तरुण, चेहऱ्यावर काळजी. म्हणाली, "मॅडम, पण तिले प्रत्येक प्रश्नाले हो म्हणायचं शिकवलं कोणी? तुमच्या मोठ्या बाईनंच का?"

मी हो म्हणाले.

बाई, तुम्ही फक्त हात बांध म्हणालात. 'हो' म्हणायला मी शिकवलं. त्या दिवशी तुम्ही आत इन्स्पेक्टरशी बोलत होतात, आई-वडीलही आत होते, आणि मी तिला घेऊन बाहेर बाकावर होते. ती गप्प राहिली तर सगळंच संपलं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. माझ्या पिशवीत ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा होता. मी विचारायची, "काकानं मारलं?" आणि मीच म्हणायची, "हो म्हण." ती हो म्हणाली की एक बिस्कीट. पुडा संपेपर्यंत. शेवटी शेवटी ती प्रश्न पूर्ण व्हायच्या आतच हो म्हणत होती, आणि मी म्हटलं, शाब्बास. पुढं तीन वर्षं, अगदी जाईपर्यंत, तुम्ही स्वतःला बोल लावत राहिलात. आणि मी शेजारी बसून तुमची समजूत काढत राहिले. तुम्ही असताना माझी जीभ रेटली नाही. हे पत्र तर कोणत्याच पेटीत टाकता येणार नाही, म्हणून लिहिता आलं.

त्या कॉन्स्टेबलनं जाताना आपला नंबर दिला होता. सकाळपासून तीनदा फोन हातात घेतला, पण अजून लावला नाही.