पांबाच्या लेंड्या

बोसिबोरी,

पांबाला घेऊन मी जनावरांच्या डॉक्टरकडे गेलेय. सकाळपासून पिंजऱ्यात एकही लेंडी नाही. काल होत्या त्या मिरीएवढ्या, आणि परवा नुसता चिकट लगदा. सशाच्या लेंड्या कशा हरभऱ्याएवढ्या, कोरड्या, ढीगभर हव्यात. पण तुला कशाला दिसेल ते? तुला तो फक्त मांडीवर हवा.

चार महिने पिंजरा मी झाडला, गवत मी कापून आणलं, आणि हा पठ्ठ्या तुझी चप्पल वाजली की उड्या मारत निघतो! का, ते आज कळलं. तुझ्या उशीखाली मांदाझीचे तुकडे सापडले. तळलेलं, गोड खायला घालून लाडकी होतेस होय गं?

आल्यावर पिंजरा धू आणि त्यात गवत भर. दुसरं काही नाही.

डॉक्टर विचारतील, काय चारता म्हणून. मांदाझीचं सांगेनच. केळ्याचंही सांगावं लागेल. रोज पहाटे, तू उठायच्या आत, एक पिकलं केळं मी त्याला चारत होते.

तरी तो तुझ्याकडेच धावायचा.

न्यान्चामा