फळ्यावर तुम्ही लिहिलेलं

अण्णा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर चिडणं थांबायला हवं होतं. थांबत नाही. परवा पुन्हा चिडले. आपली चाळ पाडून टॉवर बांधायचाय म्हणून बिल्डरचा माणूस खाली सभा घ्यायला आला होता. नम्र, गोड बोलणारा, बूट काढून सतरंजीवर बसला. "तुम्ही गिरणगावची मूळ माणसं, तुमच्या घामावर ही मुंबई उभी आहे," अशी त्याने सुरुवात केली आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "गूळ." शेजारच्या वहिनींना वाटलं माझी साखर उतरली, त्या पर्समध्ये गोळी शोधायला लागल्या. पुढे तो म्हणाला, "एक तर आज सह्या करा, नाहीतर ही भिंत एक दिवस तुमच्या नातवंडांवर कोसळेल," तेव्हा मी म्हटलं, "दोन दारं. वर बागुलबुवा." मग मात्र सगळ्यांनी वळून पाहिलं. कुणीतरी म्हणालं, "आजी, जरा ऐकू द्या ना." मलाही ऐकायचंच होतं हो. जागा किती देणार, ताबा कधी देणार, हे मलाही हवं होतं. पण तुम्ही माझ्या कानात जे यंत्र बसवून गेलात ते बंद करायचं बटण काही दिलं नाहीत.

तुम्ही गिरगावातल्या शाळेत मराठी शिकवायचात. सकाळी ट्रामने जायचात, संध्याकाळी बाह्यांवर खडू घेऊन लालबागला परत यायचात. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस ते, रोज कुठे ना कुठे सभा. कधी शिवाजी पार्क, कधी परळचं मैदान, कधी नुसताच नाका आणि त्यावर मांडलेलं टेबल. इतर मुलींचे बाप त्यांना गॅलरीतून खाली वाकू देत नव्हते, तुम्ही मला हाताला धरून गर्दीत न्यायचात. सुरुवातीला मला केवढा अभिमान वाटायचा त्याचा! मग कळलं की मला सभेला नव्हे, शिकवणीला नेलं जातंय. पाळीवरून सुटलेले कामगार दाटीवाटीने उभे आहेत, वक्त्याचा आवाज चढतोय, माझ्या अंगावर काटा येतोय, आणि तुम्ही वाकून माझ्या कानात सांगताय, "हा घण. तीनदा मारला, बघ." काटा जागच्या जागी बसतो.

तुमची ती नावं! पुस्तकातली अवघड नावं तुम्हाला पाठ होती, पण माझ्यासाठी तुम्ही घरातली केली होतीत. ऐकणाऱ्यांची स्तुती केली की गूळ. एकच गोष्ट तीनदा म्हटली की घण. भीती घातली की बागुलबुवा. जगात दोनच वाटा आहेत असं भासवलं की दोन दारं. आईचे अश्रू मध्ये आणले की पदर. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे झाकण. "आधी काय बोलला ते ऐक, मग काय बोलला नाही ते शोध," असं तुम्ही सांगायचात. एकदा मी न राहवून टाळ्या वाजवल्या. तुम्ही विचारलंत, "कशासाठी वाजवल्यास?" मी म्हटलं, "सगळ्यांनी वाजवल्या." तर म्हणालात, "मग तुझे हात त्यांनाच देऊन टाक." मला रडू फुटलं. "अण्णा, ते आपल्याच बाजूने बोलतायत ना?" "म्हणूनच," तुम्ही म्हणालात. "समोरच्याची लबाडी कुणालाही दिसते. आपल्याकडची दिसली तर समज, काही शिकलीस." मुंबई महाराष्ट्राला मिळायलाच हवी असं तुमचं ठाम मत होतं, तुम्ही मोर्च्यांना जात होतात, काठीही खाल्ली होतीत. तरी परत येताना वाटभर आपल्याच वक्त्यांचा पंचनामा चालायचा.

घरात तरी सोडावं! आई चुलीपुढे घाम पुसत म्हणायची, "माझं काय, मी राबायलाच जन्माला आलेय," आणि तुम्ही पाटावर बसल्या बसल्या माझ्याकडे बघून नुसती भुवई उचलायचात. मी पुटपुटायचे, "पदर." एकदा आईने ते ऐकलं. तिने तुमच्या ताटात भाकरी वाढली आणि भाजीचं पातेलं उचलून पुन्हा चुलीवर ठेवलं. "आज तुमचा तो गूळ लावून खा," ती म्हणाली. तुम्ही हसलात. मीही हसले, आणि आई त्या दिवशी आमच्याशी बोलली नाही. आता वाटतं, ती खरंच दमली होती.

याची किंमत कुणी मोजली सांगू? मी. मला बघायला आलेला एक भला माणूस म्हणाला होता, "आमच्या काही अपेक्षा नाहीत." मी चहाचा ट्रे हातात घेऊन म्हटलं, "झाकण." तो गेला, त्याच्यामागून पुढचेही गेले. मी तुमच्यासारखीच शिक्षिका झाले आणि तुमच्याच खोलीत राहिले. त्याबद्दल फारसं दुःख नाही मला. माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती त्या फळ्याची आहे.

चाळीच्या तोंडाशी, नळाशेजारच्या भिंतीवर तो काळा फळा होता. गल्लीची बातमी त्यावर लिहिली जायची: सभा कुठे, मोर्चा कधी, कोण पकडलं गेलं. अक्षर चांगलं म्हणून ते काम तुमच्याकडे. बाकीच्या गल्ल्यांच्या फळ्यांवर रक्त, ज्वाला, सिंह असं काय काय असायचं. आपल्या फळ्यावर मात्र "सभा सहाला. पाऊस आल्यास शाळेच्या हॉलमध्ये." तरुण मुलं वैतागायची. मीही वैतागायचे. दुसऱ्या गल्लीतल्या मैत्रिणी मला विचारायच्या, तुझे वडील रेल्वेचं वेळापत्रक लिहितात का?

मग तो कर्फ्यूचा दिवस. आपल्याच मजल्यावर, टोकाच्या खोलीत एक मालवणी बाई आणि तिचा मुलगा राहायचा. नुकताच गिरणीत लागला होता, तिला तेवढाच एक. तिला दमा. त्या दिवशी तिचा खोकला थांबेना, म्हणून तो दवाखाना उघडा मिळतो का बघायला बाहेर पडला. नाक्यावर धावपळ चालली होती, गोळीबार झाला, त्यात तो सापडला. त्याने झेंडा धरला नव्हता, घोषणा दिली नव्हती. खिशात औषधाची रिकामी बाटली होती. हे आपल्याला माहीत होतं, कारण त्या माऊलीने पहिल्यांदा येऊन सांगितलं ते आपल्या स्वयंपाकघरात, आईच्या गळ्यात पडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी कर्फ्यू थोडा वेळ उठला, तेव्हा तुम्ही फळ्यापुढे गेलात. मी ओलं फडकं घेऊन मागे. मुलं वाटच बघत होती. "मास्तर, असं लिहा ना, घोषणा देत छातीवर गोळी झेलली." तुम्ही विचारलंत, "तू होतास तिथे?" "नाही, पण..." "मग छाती कुणाची बघितलीस?" तुम्ही खडू उचललात. काय लिहिणार ते मला ठाऊक होतं: औषध आणायला गेला होता, गोळी लागून वारला. आणि पहिल्यांदाच मला वाटलं की हेच बरोबर आहे. सरकारला याहून मोठी लाज कोणती असेल? आईसाठी औषध आणायला गेलेला मुलगा मारला. खरं होतं आणि पुरेसं होतं.

तेवढ्यात ती बाई जिना उतरून आली. आईने तिला धरलं होतं. ती तुमच्यापुढे उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "मास्तरानू, माझ्या औषधाचां नाव लिवू नकात. लोक म्हणतले, आवशीच्या खोकल्यापायी झील गेलो. मगे माका ह्यो जिनो उतराक जमाचो नाय."

तुम्ही फळ्याकडे वळलात. मग लिहायला लागलात, आणि मी वाचत गेले. "काल या चाळीतून एक मुलगा बाहेर पडला आणि साऱ्या मुंबईचा झाला. कोण होता तो? जिन्यात ज्याची शीळ ऐकू यायची, तो. पाण्याच्या रांगेत म्हाताऱ्यांना पुढे सोडायचा, तो. निघताना आईच्या पाया पडला, तो. अशा मुलाला जी आई हसत निरोप देते, तिच्यापुढे या गल्लीने मान लववावी."

उत्तर आधीच ठरलेला प्रश्न. घण, तीनदा. पदर. गल्लीला गूळ. आणि सगळ्यावर एक भलंमोठं झाकण! कधी पडला होता तो पाया? घाईघाईने चपला अडकवून धावला होता, मी गॅलरीत उभी होते. तुम्ही ज्या ज्या गोष्टींसाठी माझे हात दुसऱ्यांना देऊन टाकायला सांगितलं होतंत, त्या सगळ्या एकाच फळ्यावर, तुमच्याच सुंदर अक्षरात, ओळीने उभ्या होत्या. बरं, तुम्हाला ते कच्चं जमलं असतं तरी मी समजून घेतलं असतं. पण त्या मैदानातल्या एकाही वक्त्याला इतकं चांगलं जमलं नव्हतं. माणसांनी टोप्या काढल्या. त्या बाईला वाचता येत नव्हतं. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "वाचून दाखव त्यांना." मी वाचलं. तिने मान खाली घालून ऐकलं, आणि मग सरळ उभी राहिली.

घरी आल्यावर मी विचारलं, "अण्णा, पाया पडला होता तो?" तुम्ही मोरीत हात धूत होतात. म्हणालात, "चहा टाक." बस, एवढंच! मी चहा टाकला, तुम्ही प्यायलात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर्तमानपत्र आणि पेन्सिल घेऊन मला बोलावलंत: "ये, यात गूळ कुठे आहे दाखव." तुम्ही तुमचा नियम मोडलात याचा मला राग नाही. मोडून वर दुसऱ्याच दिवशी तोच नियम मला शिकवायला बसलात, याचा आहे. एक वाक्य बोलला असतात तर? "कधी कधी चालतं" एवढं तरी? मग मलाही कळलं असतं की कुठे चालतं. मी आयुष्यभर सगळ्यांची झाकणं उचलत फिरले आणि हे एक झाकण मात्र सांभाळत बसले, कुणी न सांगता.

कारण ती बाई पुढे पुष्कळ जगली. आपलं राज्य झालं, पेढे वाटले गेले, मग तुम्ही गेलात, आई गेली, ती होतीच. दरवर्षी त्या दिवशी गल्ली तिच्या मुलाच्या फोटोला हार घालायची, आणि ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "माझ्या पाया पडलो नि गेलो." एकदा मला म्हणाली, "मास्तरान लिवल्यान ना, तसांच झालां." तिचा खरोखरच विश्वास बसला होता. मी, जिने मंत्र्यांच्या भाषणाला, साबणाच्या जाहिरातीला, शाळेच्या हेडबाईंना कधी सोडलं नाही, ती म्हणायची, "हो, काकी." आणि घरी येऊन तुमच्या फोटोवर डाफरायची.

आता तीही नाही. चाळ पाडायच्या आधी जुन्या आठवणी गोळा करतोय म्हणून मागच्या आठवड्यात गल्लीतली पोरं माझ्याकडे आली. एका मुलीने मोबाइल पुढे धरला आणि सरळ विचारलं, "आजी, तो मुलगा कसा गेला? म्हणजे खरं काय झालं?" इतक्या वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. दुखावेल असं कुणी उरलं नाही. दवाखाना, खोकला, रिकामी बाटली, सगळं ओठांवर आलं होतं. मनात म्हटलं, घ्या अण्णा, आज उचलते मी हे झाकण. आणि तोंड उघडलं तर तुमचंच बाहेर पडलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, घण जिथे मारायचा तिथे मारून. पोरं डोळे पुसत गेली.

हे कुठे पाठवणार? आणि पाठवता आलं असतं तरी तुम्ही हातात पेन्सिल घेऊनच वाचलं असतंत. तेव्हा राहू दे इथेच. पण एक सांगते. "हसत निरोप देते" म्हणताना माझा आवाज कापला. मी तो कापवला नव्हता, अण्णा.