पोर्टलने न घेतलेल्या सहा वह्या

२ नोव्हेंबर २०२०, सोमवार

पुन्हा फॉर्म! 'शिक्षकांना ऑनलाइन पोर्टलकडून काय हवे?' पर्याय चार — जास्त जागा, नवे रंग, व्हिडिओची सोय, प्रशिक्षण. एक निवडल्याशिवाय पान पुढे सरकत नाही. मला वही घेणारं पोर्टल हवंय. रेंज नसताना चालणारं. ते यात नाहीच. 'नवे रंग' निवडलं आणि सुटले.

५ नोव्हेंबर

माझी विद्यार्थिनी सोनू आली. ढाणकीजवळच्या तांड्यावरून थेट पुसदला, काळीपिवळी जीपमध्ये कोंबून, ओढणीत सहा वह्या बांधून! तांड्यातली सहा पोरं बी.ए. दुसऱ्या वर्षाला, मराठीला माझ्याकडे. कॉलेज मार्चपासून बंद. स्वाध्याय पोर्टलवर टाकायचा, तोही विद्यार्थ्यानेच. मुदत उद्या पाचची.

"मॅडम, चालता फोन एकच होता, बादलदादाचा. तो हैदराबादले घेऊन गेला. माह्याजवळ तं कधीच नव्हता."

मग वह्या कशाला आणल्यास?

"तुमी काही तरी करसान म्हणून."

यंदाही कपाशी बोंडअळीने खाल्ली. तांडा दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणार. "बाप म्हणते, पास झाली तं ढाणकीले मावशीजवळ ठेवतो. नाही तं कोयता घे."

तिची वही वाचली. आईची लेंगी तिने मराठीत आणली आहे. बंजाऱ्यांचं होळीचं गाणं; दोनदा वाचलं.

६ नोव्हेंबर

टाकल्या! माझ्या फोनवरून. पासवर्ड जुलैत मीच लावून दिलेले, सहाही जणांना एकच — तांडा१२३. एकेका पानाचा फोटो, एकेकाच्या नावाने. एक्केचाळीस पानं. पाचला चार मिनिटं कमी असताना शेवटचं गेलं. इतकं बरं मार्चनंतर वाटलं नव्हतं.

१० नोव्हेंबर

सहा लाल शेरे. 'एकाच फोनवरून सहा उत्तरे. नक्कल. शून्य गुण.' फोन कोणाचा, ते पोर्टलला कळत नाही. करायला गेले काय आणि झालं काय!

परीक्षा विभागातल्या रामरावजींना विचारलं, उत्तरं कोणी वाचली का? "मॅडम, मशीन सांगून राह्यली ना नक्कल हाय म्हणून. मंग आपण वाचाचं कायले?"

शुक्रवारी चौकशी समिती.

११ नोव्हेंबर

कबूल करावं, तर विद्यार्थ्यांच्या नावाने आत शिरले म्हणून मीच बाहेर. तासिका तत्त्वावरची बाई, काढायला कागदसुद्धा लागत नाही. नवऱ्याला सांगितलं. नजीर गॅरेजातून आला होता, हात काळे तसेच. "नौकरी तेरी जाएगी, पोर्टल की नहीं," म्हणाला. खरंच आहे. लॉकडाऊनपासून गॅरेजही नावालाच उघडं असतं.

१२ नोव्हेंबर

कबुलीचा अर्ज लिहिला. फाडला.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

समितीत प्राचार्यांनी विचारलं, "नसरीन मॅडम, तुम्हाला काही सांगायचंय?" नाही म्हटलं. तोंडावर मास्क होता ते बरं झालं.

सायंकाळी सोनूचा फोन, मावशीच्या बटणांच्या डबडा फोनवरून. सगळं सांगितलं तिला. मग — का सांगितलं देव जाणे — म्हणाले, "माझं नाव आलं तर माझी नोकरी जाईल गं." "बरं मॅडम," ती म्हणाली. तिने मागितलं काहीच नाही. मी भित्री आहे. इथे तरी लिहून ठेवते.

१९ नोव्हेंबर

दिवाळी कशी गेली कळलं नाही. अर्ज पुन्हा लिहिला, या खेपेला सही करूनच पर्समध्ये ठेवला. काढलं तर काढलं! नजीरने अर्ज वाचला. मग म्हणाला, "जा."

२० नोव्हेंबर

पर्स उघडायच्या आधीच रामरावजी म्हणाले, "मिटलं मॅडम! पोरीनं लिहून देल्लं." सोनूचं अक्षर. परवा ऑफिसच्या पेटीत टाकून गेली. 'ज्याचे त्याचे स्वाध्याय ज्याने त्यानेच लिहिले. सगळे मी माझ्या फोनवरून टाकले. मॅडमना माहीत नाही.' पाच जण पास. दुसऱ्यांच्या नावाने आत शिरली म्हणून सोनू वर्षभर बाद. तांड्याचा ट्रक काल गेला.

सोनूकडे फोन आहे का, हे कोणीच विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.