शोकेसची राखण

४ जुलै १९८४

आलं ते धूड दुकानात! हमाल उतरवत होते आणि मी दाराआड उभी. एवढी मोठी काच – फुटली असती तर? आणि हे सगळं विजेवर चालणार. ह्यांचं मात्र सकाळपासून एकच चाललंय, सुभाष रोडवर दूधदुभत्याच्या दुकानात असा थंडगार शोकेस दुसऱ्या कुणाकडं दाखवा.

ह्यांना खरं तर दुसराच हवा होता. पुढं गोल काच, आत दोन ट्यूबलाईट, वर लाल पट्टी. हुबळीच्या गोदामात त्याच्याभोवती प्रदक्षिणा घातल्या, काचेत भांगही नीट करून घेतला. सत्याप्पा मेकॅनिक बरोबर होता म्हणून बरं. तो म्हणाला, "महादेवअण्णा, ते नाटकातलं पात्र हाय. आपल्याला राबणारा गडी पायजे." मग त्यानं एकेका शोकेसच्या दारात कागदाचा कपटा धरून दार लावलं आणि कपटा ओढून बघितला. गोल काचेच्या दारातून तो सुळ्ळकन बाहेर आला. म्हणजे गारवाही तसाच बाहेर जाणार. ह्या सरळ काचेच्या, जाड अंगाच्या शोकेसनं कपटा सोडला नाही. तोच घेतला. ह्यांचं तोंड परत येईपर्यंत उतरलेलं.

मी अजून त्याला हात लावलेला नाही. रबरी चपला घातल्याशिवाय लावणारही नाही.

६ जुलै

सत्याप्पानं मलाच सगळं शिकवलं, कारण हे ऐकून घेत नाहीत. मागची जाळी ब्रशनं झाडत जायची, रस्त्याची धूळ तिथं बसली की मशीन तापतं. भिंतीपासून हातभर लांब ठेवायचा. ऊन ऊन भांडं आत ठेवायचं नाही. करंट जाऊन आला की लगेच चालू करायचा नाही, जरा दम खाऊ द्यायचा. आत थर्मामीटर टांगलाय, त्याचा काटा हिरव्या खुणेपाशी असायला हवा. वर चढला तर माल विकायचा नाही.

"विकला तर?" मी विचारलं.

"लोकांची पोटं बिघडत्यात अक्का. दूध हाय ते." एवढं म्हणून तो चहा प्यायला लागला. मला चहा गेला नाही.

९ जुलै

अत्ती रुसल्यात. शोकेससाठी त्यांच्या तुपाच्या घड्याचा कोपरा गेला ना! सासूबाईंचा रुसवा म्हणजे ह्या घरातला मोठा सोहळा. जेवण बंद, आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून निजायचं, विचारलं तर "मला काय धाड भरलीय". लग्न झालं तेव्हा मी पाया पडून विनवायची. हे म्हणतात, तू विनवतेस म्हणून लांबतं, सोडून दे, भूक लागली की उठेल. तसंच होतं दर वेळी.

१० जुलै

उठल्या. भाकरी खाल्ली. आता शोकेसला रोज हळदकुंकू लावतात.

१९ जुलै

करंट गेला! दुकानात श्रीखंड, लोणी, दही, सगळं भरलेलं. दार उघडू नका, दार उघडू नका – मी गिऱ्हाइकांवर ओरडले. अत्तींची गोधडी आणून काचेवर घातली. करंट आला तेव्हा काटा हिरव्याच्या जरा वर. लोणी ठेवलं, श्रीखंड दुकानामागं आमच्या घरात आणलं, कुणाला विकू दिलं नाही. हे चिडले. चिडू देत.

११ ऑगस्ट

मी भित्री आहे हे माहेरापासून सगळ्यांना माहीत आहे. पण आता ह्या भीतीचा उपयोग होतोय असं वाटतं. सकाळी उठले की आधी काटा बघते, मग चूल. परवा जाळीतून धुळीचा एवढा गोळा निघाला. अत्ती म्हणाल्या, पोरासारखं न्हाऊमाखू घालतीस की त्याला.

मागच्या घरातली कुसुम सांगत होती, पुन्हा दिवस गेलेत. आधी दोनदा झालं तसं होऊ नये. दोन्ही वेळा सहाव्याच्या आत गेलं. नवऱ्याला सोडून मलाच पहिल्यांदा सांगितलं तिनं. सांगताना माझा हात धरून ठेवला होता.

१६ सप्टेंबर

कुसुमला सहावा लागला. देवा.

२ ऑक्टोबर

दसऱ्याची बासुंदी आटवून झाली. अळणावरहून दिरांच्या म्हशींचं दूध आलं होतं, साय अशी की चमचा उभा राहावा. पंख्यापुढं निवल्यावरच पातेली आत ठेवली. हे म्हणत होते, पंख्यापुढं कशाला, ठेव तशीच. नाही ठेवली.

३ ऑक्टोबर, खंडेनवमी

तराजू, सुऱ्या, रवी, ह्यांची सायकल, सगळं धुऊन मांडलं, पूजा केली. शोकेसलाही हार घातला. आता दुकान बंद. आम्ही दोघं गावी निघालोय, नांगराच्या पूजेला. अत्तींचे गुडघे धरलेत, त्या इथंच राहतील. काटा बघितला. बरोबर आहे.

४ ऑक्टोबर, दसरा

काय झालं हे! लिहून काढते, नाही तर डोकं फुटेल.

पहिल्या बसनं आलो. दुकान उघडायच्या आधी काटा बघितला – हिरव्या खुणेपाशी! मग मी कशाला शंका घेऊ? गर्दी लोटली. बासुंदीचं एक पातेलं बघता बघता संपलं. मधेच मोठी वाटी भरून कुसुमकडं स्वतः नेऊन दिली, वर आपट्याची पानं ठेवून. सहावा निम्मा सरला आता तिचा. चेहरा कसा भरलाय. संध्याकाळी देवदर्शन करून आले की खाईन म्हणाली.

दुपारी दुसऱ्या पातेल्यात हात घातला तर पातेल्याचं बूड गार नाही. वर हवा गार, बूड कोमट! खाली वाकून बघितलं तर शोकेसखालचा ट्रे पाण्यानं काठोकाठ. मागच्या पत्र्यावर साचलेलं बर्फ सगळं वितळून गेलेलं. हवा काय, लगेच गार होते. भांडं होत नाही.

अत्तींना विचारलं. त्यांनी हसत सांगितलं, "खंडेनवमी न्हवं काल? सगळ्या हत्यारांना सुट्टी आणि ह्यो एकटा गुरगुरत बसलेला. तुम्ही गेल्यावर बटन काढलं. आज पहाटे आरती करून उठवलं त्याला."

म्हणजे काल दुपारपासून आज पहाटेपर्यंत बंद! ह्या उन्हात!

मी आयुष्यात त्यांना उलट बोललेले नाही. आज बोलले. म्हटलं, लोकांना विष वाटलंत तुम्ही माझ्या हातानं. कुसुमचं पोर गेलं तर त्याचं पाप तुमच्यावर. त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि मागच्या दारानं निघून गेल्या. ह्यांनी उरलेली बासुंदी गटारात ओतली आणि मला बजावलं, बाहेर एक शब्द नाही. लोकांच्या कानावर गेलं तर ह्या दुकानाची पायरी कुणी चढणार नाही.

मी चाखून बघितली होती. आंबट नव्हती. म्हणजे चांगली होती का? नासल्याचं चवीला कळतंच का?

दिवेलागणीला कुसुमकडं जायला निघाले, दारापर्यंत गेले आणि परत आले. काय सांगू? खाल्ली असेल तर सांगून तरी काय होणार, नुसती घाबरून मरेल. घाबरल्यानंसुद्धा पोरं पडतात म्हणे.

५ ऑक्टोबर

पहाटेपासून मागच्या भिंतीशी तीनदा जाऊन आले. कुसुम कपडे वाळत घालत होती. तब्येत बरी आहे का विचारलं. बरी आहे म्हणाली, पण कंबर दुखते. कंबर! कंबर का दुखावी?

अत्ती काल परत आल्या त्या रुसून आतल्या खोलीत. जेवल्या नाहीत. मीही बोलवायला गेले नाही. ह्या वेळी विनवणार नाही म्हणजे नाही. एका बाईच्या पोराशी खेळ झाला आणि रुसवाही ह्यांनीच धरायचा!

६ ऑक्टोबर

चौकातल्या टेलरनं दुकानात येऊन सांगितलं, काल दिवसभर पोट धरून बसलो होतो. हे हसून म्हणाले, दसऱ्याला पोळ्या किती हाणल्या होत्या? तोही हसला. मला ते हसणं बघवलं नाही.

म्हणजे खराबच होती. कुसुमची वाटी तर सगळ्यात मोठी.

आज ती भिंतीशी आली नाही. मी हाका मारल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आली, झोपले होते म्हणाली. चेहरा पांढरा वाटला. की मलाच सगळं पांढरं दिसतंय?

अत्ती उठत नाहीत. तांब्या घेऊन मागं जातात तेवढ्याच, भिंतीला धरून धरून, माझ्याकडं न बघता. केवढा तोरा! दारात पेज ठेवली होती, तशीच होती. हे म्हणाले, सोडून दे.

७ ऑक्टोबर

सत्याप्पाला बोलावून अत्तींनी बटन काढल्याचं सांगितलं. म्हटलं, शोकेसमध्ये बघायचं काही नाही, मला एवढंच सांग – अशी बासुंदी खाल्ली तर किती दिवसांनी कळतं? त्यानं पिशवीतून पितळी पट्टी काढली आणि बटनावर स्क्रूनं बसवली. आता स्क्रूड्रायव्हरशिवाय ते निघणार नाही. "अक्का, तब्येतीचं मला काय कळतंय," म्हणाला. "पण ज्यानं खाल्लंय त्याला सांगा. लपवून काय उपेग न्हाई."

खरं आहे. पण हे? पण दुकान? पण तिनं मला माफ केलं नाही तर? दिवसभर "पण" म्हणत बसले. दूध विरजायचं विसरले. जाळी झाडली नाही. आतल्या खोलीत डोकावले फक्त, अत्ती भिंतीकडं तोंड करून झोपलेल्या. आज मागंही गेल्या नाहीत. रुसवा जास्तच दिसतोय.

८ ऑक्टोबर

ह्यांना न सांगता कुसुमकडं गेले. उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. शोकेस, खंडेनवमी, वाटी, सगळं. म्हटलं, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडं चल, मी येते.

ती आधी गोंधळली. मग म्हणाली, "अहो मथुराक्का, मी कुठं खाल्ली? त्याच दुपारी तुमच्या अत्ती आल्या आणि वाटी परत घेऊन गेल्या की. म्हणाल्या, आधी मी खाऊन बघते. मला काय झालं न्हाई तर उद्या तुला नवी करून देते. इथं पायरीवर बसून सगळी खाल्ली त्यांनी. नवी काही आली नाही, मी म्हटलं, विसरल्या असतील."

९ ऑक्टोबर

अत्तींना हुबळीच्या दवाखान्यात घातलंय. दोन्ही हातांना सलाईन. डोळे उघडत नाहीत. डॉक्टर म्हणतात, अंगात पाणीच उरलेलं नाही, आता काही सांगता येत नाही. इतके दिवस घरात तुमच्या कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, म्हणून त्यांनी विचारलं.

मी सांगितलं – आम्हाला वाटलं, रुसल्यात.