बेहड्याच्या वळणावरचा कोंडा

५ जुलै १९९९, सोमवार
सातला बायकोला, कुसुमला, घेऊन निघालो. (यापुढे नुसतं कु. संस्कृतात कु म्हणजे पृथ्वी. आमच्या घराचं गुरुत्वाकर्षण तिथूनच चालतं. शिवाय शाई वाचते.) कु. पहाडीपलीकडे कोसंबटोल्याच्या उपकेंद्रात नर्स. तिथल्या क्वार्टरचं छत दोन वर्षांपूर्वी खाली आलं, तेव्हापासून रोज सकाळी सोडणं, संध्याकाळी आणणं. मधल्या वेळात मी वार्ताहर.

खिंडीत मोटारसायकल थांबवली, ती उतरली. पावसाळ्यात या पहाडीचा नियमच आहे, उताराला मागचा माणूस उतरतो आणि पायवाटेनं खाली जातो. मास्तर असो, सरपंच असो. लग्नातली नवरीसुद्धा उतरते, नवरा खाली वाट पाहत उभा राहतो. सवय लवकर लागलेली बरी.

आज कु. माझ्याआधी खाली पोचली. छत्री मिटून उभी. म्हणाली, पेपरवाले नेहमी घटनेनंतरच येतात.

बेहड्याच्या झाडाखालचं वळण वाईट झालंय. वरची लाल माती पाण्याबरोबर डांबरावर उतरते. दिसते साय, असतो साबण.

८ जुलै, गुरुवार
या आठवड्यात त्याच वळणावर दोन पडले. एक शाळामास्तर, गुडघा. दुसरा नामदेव ढिवर, तळ्याची मासोळी घेऊन बाजाराला निघालेला. टोपलं एकीकडे, नामदेव दुसरीकडे, मागूर नालीत. मी वही काढेपर्यंत त्यानं सगळे मागूर पुन्हा टोपल्यात भरलेसुद्धा. लागलं का विचारलं. म्हणे, "मले नाई लागलं पंडितभाऊ, इज्जतीले लागलं. मासोळी हासून राह्यली होती."
(चार वर्षं पाठशाळेत काढली त्याचं एवढंच फळ. अख्खा तालुका पंडित म्हणतो.)

रस्त्याच्या साहेबांना भेटलो. अर्ज द्या म्हणाले. तीन दिलेत म्हटलं. मग चौथा द्या.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर मीच बोललो की राईस मिलमागे कोंड्याचा डोंगर सडत पडलाय, तो त्या वळणावर टाकला तर ओल धरून ठेवील, टायरला पकड येईल. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. कल्पना माझी होती हे इथे नोंदवून ठेवतो, श्रेय दुसऱ्यानं घेऊ नये म्हणून.

११ जुलै, रविवार
श्रमदान. इकडचे दहा-बारा, तिकडून कोसंबटोल्याचे तेवढेच. त्यांचा पुढारी सुखदेव, धानाचा शेतकरी, तिशीतला, अबोल. बैलबंडी त्याचीच. बायकोचे दिवस भरत आलेत, कु.च्या वहीत नाव आहे. पहिलंच.

पाऊस भुरभुर. कोंडा पसरल्यावर मी गाडी तीनदा वरखाली नेली. जराही घसरली नाही. नामदेव पायानं उकरून म्हणाला, गादीवानी झालं. फोटो काढला.

१४ जुलै, बुधवार
छापून आलं. 'लोकसहभागातून घाट झाला सुरक्षित'. मथळा पेपरच्या जिल्हा कार्यालयाचा. 'सुरक्षित' हा शब्द माझ्या मजकुरात नव्हता, पण दिसला तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. फोटोत सुखदेव बैलाच्या शिंगाआड अर्धा. ग्रामपंचायतीनं कात्रण काचेच्या पेटीत लावलं, निविदांच्या शेजारी.

कु.नं दोनदा वाचलं. छान लिहिलंय म्हणाली. पण मी आपली उतरूनच जाईन.

१८ जुलै, रविवार
चार दिवस पाऊस थांबला नाही. धानाचे रोवणे जोरात. कोंडा पिवळ्याचा तपकिरी झाला. काल वळणावर पाय ठेवला तर जरा... पण गाडी गेली नीट. हळू गेलो म्हणून असेल. मनाशी म्हटलं, उद्या थोडा नवा टाकायला सांगू.

सांगितलं नाही.

२५ जुलै, रविवार. ब्रह्मपुरी, दवाखाना
आठवडाभर लिहिलं नाही. आता लिहितो, क्रमानं.

बुधवारी पहाटे पाचला सुखदेव दारात. सायकल पहाडीच्या पायथ्याला टाकून पायवाटेनं चढून आलेला, गुडघ्यापर्यंत चिखल. बायकोला मध्यरात्रीपासून कळा, लेकरू आडवं आहे असं दाई म्हणते. कु.नं पिशवी घेतली. सुखदेवला म्हणाली, तू हो पुढं, पाणी उकळून ठेवायला सांग. तो आला तसा पायवाटेनं धावत गेला.

पाऊस साधारणच. खिंडीत मी सवयीनं गाडी थांबवली. एक पाय खाली टेकून उभा. कु. उतरली नाही.

"चला. आज उतरायला वेळ नाई." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून, "तुमचा कोंडा आहे ना."

दुसऱ्या गिअरमध्ये होतो. पुढचा ब्रेक धरला नाही, शपथेवर. बेहड्याच्या वळणावर हँडल वळवलं, चाक वळलं, गाडी वळली नाही. वळण म्हणजे जसं काही फक्त रस्त्याचं काम होतं. कोंडा वरून भिजलेला, खालून कुजलेला, आणि त्याच्याखाली तीच लाल माती. अख्खा थर आम्हाला घेऊन सरकला. पिकलेल्या फणसाच्या गऱ्यावर पाय पडावा तसं. माझ्या डाव्या कुशीला खरचटलं. कु. उजव्या हातावर पडली, कोपर खाली, वर गाडी.

ती ओरडली नाही. पिशवी कुठी आहे विचारलं. पिशवी धडधाकट होती. ती मला म्हणाली, मले उचला आणि चला. उठली, आणि तिचा हात तिच्याबरोबर उठला नाही.

अर्ध्या तासानं नामदेव आला, टोपल्यासकट. टोपलं तिथेच टाकलं. एक जीप मिळाली ती इकडे येणारी. तिकडे जाणारं काही नव्हतं.

कोसंबटोल्यात सुखदेवच्या घरी पाणी उकळत होतं. नऊपर्यंत उकळत होतं म्हणे. बाई वाचली. लेकरू नाही. मुलगा होता.

हे मला नामदेवनं शुक्रवारी येऊन सांगितलं, बाहेरच्या व्हरांड्यात, हळू आवाजात. आत आलो तर कु.नं फक्त माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे वळली. 

२८ जुलै, बुधवार
कोपराचे चार तुकडे. पट्टी आणि स्क्रू. डॉक्टर तरुण, नीट बोलतो. म्हणतो हाड जुळेल, पण नस दबली होती, करंगळी आणि शेजारचं बोट कधी हलतील सांगता येत नाही. कधी हलतील, की हलतीलच की नाही, असं विचारलं. त्यानं तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

कु. चादरीखाली बोटं हलवून पाहते. मी पाहतोय हे कळलं की थांबते.

तिला हसवायला म्हटलं, पाणिग्रहण मी केलं तो हात हाच, आता वॉरंटी संपली. हसली थोडी. मग म्हणाली, "आडवं लेकरू फिरवायले हाच हात लागते." 

३१ जुलै, शनिवार
खुलासा लिहून पाठवला होता. कोंडा धोक्याचा आहे, पहिली बातमी चूक होती, सूचना या वार्ताहराचीच होती, कुणी टाकू नये. आज कार्यालयाला फोन केला. उपसंपादक म्हणाले, आपणच छापलं आणि आपणच पुसायचं, वाचक काय समजेल. तुमची मनःस्थिती आम्ही समजू शकतो. म्हटलं, मनःस्थितीवरून कुणी घसरत नाही. लाईन कटली, किंवा कापली.

अपघात मात्र छापलाय, चार ओळी. 'वाहनावरील ताबा सुटल्याने'. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अपघातांना हेच वाक्य लावत आलो. एकदाही विचारलं नाही कुणाला, ताबा कसा सुटला म्हणून.

४ ऑगस्ट, बुधवार
कु. घरी. तिची बहीण आलीय सोबतीला. मी फावडं आणि खराटा घेऊन पहाडीवर. सकाळी आठ ते दुपारी दोन. कोंडा खरवडून नालीत लोटला. खाली डांबर दिसलं तेव्हा जुना मित्र भेटल्यासारखं झालं. पाठीची वाट लागली. तीन मोटारसायकली गेल्या. तिघांनीही विचारलं, काऊन काढून राह्यले भाऊ. तिघांनाही सांगितलं. तिघेही हो म्हणाले, लहान मुलाला म्हणतात तसं.

७ ऑगस्ट, शनिवार
कोंडा परत. ताजा, पिवळा.

ग्रामपंचायतीत गेलो. बसून समजावलं. कात्रण काढा म्हटलं. सरपंच सज्जन माणूस, चहा मागवला. म्हणाला, "पंडितभाऊ, तुमीच तं लिवलं. पेपरात हाये." म्हटलं, मीच लिहिलं, मीच चुकीचं म्हणतोय. तर म्हणाला, बाईले लागलं, तुमच्या मनाले लागलं, होते असं. बाकीच्यांनी माना हलवल्या. छापलेल्या माझ्यापुढे बोलणाऱ्या मला कुणी विचारेना. पेटीला कुलूप, किल्ली सचिवाकडे, सचिव रजेवर.

पुन्हा खरवडला. या वेळी अर्धाच झाला.

१० ऑगस्ट, मंगळवार
पायवाट गेली. रविवारच्या पावसानं मधला टप्पा नाल्यात. नामदेव सांगत आला. आता उतरलेल्या माणसालाही वळणावरूनच जावं लागेल. तो स्वतः महिनाभर त्या बाजूला मासोळी नेणार नाही म्हणाला. पोरांना काय खाऊ घालशील विचारलं. "मासोळी," म्हणाला. "इकत नाई तं खातो आमी."

कोंडा पुन्हा टाकलेला. कोण टाकतं कळत नाही. सापडत नाही कुणी. पाठ धरलीय, आज खरवडलं नाही.

१३ ऑगस्ट, शुक्रवार
कु.चं प्लास्टर काढलं. हात बारीक, पांढरा, दुसऱ्याच कुणाचा वाटावा असा. कोपर अर्धंच सरळ होतं. दोन बोटं वाकलेली, थंड. चहाचा कप धरायला गेली, सुटला. बहीण पुसायला धावली, तर म्हणाली राहू दे, मी पुसते. डाव्या हातानं पुसलं, बराच वेळ.

कोसंबटोल्याला बदली नर्स आलेलीच नाही. आदेश निघाला, बाई आली नाही. पहाडी पाहून परत गेली असं ऐकतो, आणि मी तिला दोष देणार नाही.

रात्री जेवताना कु. म्हणाली सोमवारी जाणार. डॉक्टरनं दोन महिने सांगितलेत. म्हटलं, हात नाही तुला. "तोंड तं आहे. दाईले सांगता येते. तिघी आहेत भाद्रपदाच्या." मी वाद घातला, बराच. सगळे मुद्दे मांडले, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष. तिनं पानातला भात डाव्या हातानं कालवत सगळं ऐकलं. मग म्हणाली, "सुखदेवच्या घरी मी अजून गेली नाई. तोंड दाखवा लागते."

१५ ऑगस्ट, रविवार
झेंडावंदन न करता पहाडीवर गेलो, फावडं आणि खराटा घेऊन. उद्यापूर्वी वळण साफ करायचं ठरवून.

वळणावर माणसं. कोसंबटोल्याचे वीसेक जण, झेंडा करून सरळ इकडे, काहींच्या खिशाला अजून कागदी झेंडे. मिलवाल्याचा ट्रॅक्टर, ट्रॉली शिगोशिग कोंड्यानं भरलेली. सुखदेव ट्रॉलीत उभा राहून टोपली भरून देत होता. बायका पसरत होत्या. घोट्याच्या वर थर.

मला पाहून तो खाली उतरला. लेकरू गेल्यापासून पहिल्यांदा समोरासमोर.  तोच म्हणाला, बाई उद्यापासून येऊन राह्यल्या, नामदेवनं सांगितलं.

मी म्हटलं, सुखदेव, हे थांबव. त्या दिवशी गाडी याच्यानंच घसरली. कोंड्यानं. हा कोंडा नसता तर आम्ही पोचलो असतो.

त्यानं नीट ऐकून घेतलं. माणूस अबोल, पण ऐकतो. मग मान हलवली.

"नाई भाऊ. त्या दिवशी पतला होता कोंडा. मी पाह्यलं ना. आमीच कमी टाकला. मंधात मी रोज एक बंडी टाकायले पाह्यजे होती, रोवण्याच्या नादात रायलो. म्हणून बाई पडल्या. म्हणून माहं लेकरू..." थांबला. "आता रोज टाकून राह्यलो. कोणतरी काढून टाकते. तरी टाकतो."

मी काय बोलायला हवं होतं ते मला ठाऊक आहे. काढून टाकणारा मी, हे. आणि त्याचं काही चुकलं नाही, हे. पण ते पटवायचं तर लेकरू माझ्या कल्पनेनं गेलं असं म्हणावं लागतं, आणि ते मी तिथे, वीस माणसांत, त्याच्या तोंडावर... म्हटलं. म्हटलं मी. शब्द आठवत नाहीत, पण म्हटलं.

तो म्हणाला, "तुमी मनाले लावून घेऊ नका भाऊ. तुमी तं चांगलं सांगतलं होतं. आमच्याच हातानं कमी पडलं." आणि माझ्या हातातला खराटा घेतला. बरं झालं आणला, म्हणाला, उंचसखल झालं होतं. वाकून कोंडा सारखा करू लागला, कडेपर्यंत, नीट, ज्याच्या घरी कुणी गेलं त्याचं अंगण सारवावं तसं. एका म्हातारीनं मला सांगितलं, बाईले म्हणा आता उतरायचं काम नाई, गादीवरून या.

परत आलो. चारपासून पाऊस धरलाय. आता दिवे लागलेत. कु.नं पांढरी साडी डाव्या हातानं इस्त्री केली, एक बाजू जळता जळता राहिली. पिशवी भरली. पिशवीचा बंद दातानं ओढला.

मघाशी तिनं विचारलं, वळणावर काय आहे आता.

फावडं कुठे ठेवलंय ते पाहून येतो म्हणून उठलो. फावडं दारामागे आहे. खराटा तिकडेच राहिला. ती अजून विचारून तशीच बसलीय, आणि बाहेर पाऊस थांबत नाही.